फुप्फुसात मज्जापेशीचं काय काम?

माले, ता. मुळशी
एप्रिल १९८७

प्रिय रत्ना,

तुझ्या बापाला झालंय काय? पंधरवडा होत आला, तो माझ्याशी भांडलेला नाही. परवा आमटीत मीठ घालायचं राहिलं, तरी भुरकून म्हणाला, "आक्का, झकास झालीय." शेजारच्या रोशनबीनं तर कळस केला. तिच्या कोंबड्या माझी मेथी उकरतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं कुंपणावरून एकमेकींचा उद्धार करत आलो. काल मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "व्हय बाई, तुमचंच खरं हाय," आणि वर अंडी देऊन गेली. इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

हा गोडवा सुरू झाला पुण्याच्या डॉक्टरांकडून आल्यावर. माझं लुगडं आणि मातीनं भरलेल्या चपला बघून त्या शहाण्यानं मला मराठीत 'अशक्तपणा आहे' सांगितलं, आणि माझ्यादेखत हैबतरावाला, तुझ्या बापाला, खरं काय ते इंग्रजीत. कॉन्व्हेंटात छड्या खाऊन मी ती भाषा शिकले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये साहेबांचे ट्रंककॉल जोडत नोकरी काढली. त्याला वाटतं माझे कान गेलेत. मीही कॅलेंडर बघत बसले आणि सगळं ऐकलं.

फुप्फुसात गाठ, कर्करोग, मुंबईला इंजेक्शनं. हे समजलं. पुढचं मात्र नवं होतं: मेंदूच्या मज्जापेशींमधलं एनोलेज नावाचं प्रथिन माझ्या रक्तात फार वाढलंय. दिवाळीत ओट्यावर बसून तूच सांगितलं होतंस, की मज्जापेशी त्याच्या मदतीनं साखर जाळून ताकद मिळवते, आणि तुमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत तुम्ही तेच मोजता. मग फुप्फुसातल्या गाठीत त्याचं काय काम? तिथल्या पेशी मज्जापेशींच्या नात्यातल्या, की नुसती नक्कल करतात? गाठ त्याच्यावर पोसते, की चुलीतून राख सांडावी तसं ते रक्तात सांडतं? भाकरी थापताना हेच डोक्यात असतं. भीती वाटायला हवी हे कळतं, पण आधी हे समजायला हवं.

परवा तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच त्यात एकही टोमणा नव्हता. तेव्हा लक्षात आलं, माझं रक्त तुझ्याच टेबलावर आलं होतं. शुक्रवारी तुझा बाप मला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून मुंबईला आणतोय. मी येईन. पण सुई टोचून घ्यायची की नाही, हे मी ठरवणार. त्यासाठी मला किती दिवस उरलेत आणि इंजेक्शनांनी किती वाढतील, हे खरं खरं हवं. स्टेशनवर ये, बापाला चहा आणायला पाठव आणि मला सगळं सांग. रडायचं असेल तर घरून रडून ये.

तुझीच, अजून पुरती शुद्धीवर असलेली,
गोजराआत्या