मुक्त प्रवेशाची पाटी

ठाणे, मार्च १९९९

तीर्थस्वरूप प्रभाकरमामा,
कान्हाचा लांबूनच नमस्कार (जवळून केला की तुम्ही पाय मागे घेता).

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, पण आळस. फोन केलेला, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही "राँग नंबर" म्हणता. गुडघा काय म्हणतोय? कोपरला घरी पाणी वेळेवर येतं ना?

तर मी नोकरीला लागलो. हसू नका. आधी गॅरेजात होतो, मग कॅसेटच्या दुकानात, मग एका सर्कशीबरोबर पार नाशिकला गेलेलो (तिथला हत्ती फार समजूतदार, पण ते असो). आता खोपटला डेपोजवळ एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. आमच्या ग्रंथपाल नंदाबाईंच्या डोक्यात आलंय की लोकांनी पीएचडीसाठी लिहिलेले प्रबंध कपाटात कुजण्यापेक्षा कॉम्प्युटरवर चढवावेत, म्हणजे कुणीही, कुठूनही, फुकट वाचेल. टायपिंग माझ्याकडे. पाटी रंगवायचं कामही माझ्याकडेच. "संशोधनाला मुक्त प्रवेश" लिहायचं होतं. मी "मुक्त प्रवेश" आधी ठसठशीत काढलं आणि संशोधनाला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीची वाट बघणारे सगळे बोचक्यांसकट पंख्याखाली. एका आजोबांनी विचारलं, "लग्न कुणाचं?"

त्यात कळव्याची आवडाबाई होती, मासळीची टोपली घेऊन. "काय फुकट भेटतं रं?" मी म्हटलं, प्रबंध. माझ्या मामांचाही आहे, खाडीतल्या जाळ्यांवर. तर ती ओरडलीच, "परभाकर मास्तर? माझ्या बापाच्या होडीत बसून उलट्या करायचा तो? बापानं, दामाजीनं, सगळी जाली सांगितली त्याला. लिवून नेलं, वाचून कवा दावलं नाय!" मग जरा हळू म्हणाली, "बापाचं नाव हाय का रं त्याच्यात?" मी बेधडक हो म्हणालो. तेव्हापासून रोज येते, आणि नंदाबाई रोज खिडक्या उघडतात.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

तुमचा (मानलात तर) भाचा,
कान्हा

ता. क. खरं काम राहिलंच. तुमची कॉलेजातली प्रत वाळवीनं खाल्ली (तिनं कुणाचीच परवानगी घेतली नाही). उरलेली एक तुमच्या ट्रंकेत, कुलपात. बाकीचे प्राध्यापकही "कुणी ढापलं तर?" म्हणून देत नाहीत. महिनाअखेर कमिटी येणार. तोवर एकही प्रबंध चढला नाही तर हे सगळं बंद, आणि मी पुन्हा सर्कशीत. मामा, इतकी वर्षं कुलूप आहे. चोर आला नाही हे खरं, पण वाचक तरी कुठं आला? प्रबंध द्या आणि संमतीची सही करा.

आणखी ता. क. थांबा, दारात मामी! आपली मामी! पिशवीत मेथीखाली तुमचा प्रबंध. "यांना सांगू नकोस, मी भाजीला आलेय," म्हणाली, म्हणून सांगत नाही. आवडाबाईशेजारी बसून मोठ्यानं वाचतेय. ऋणनिर्देशात पहिलंच नाव दामाजीचं निघालं. आवडाबाई टोपली बाजूला सारून म्हणाली, "परत वाच." मी म्हटलं, मामांच्या सहीशिवाय एक अक्षर चढवणार नाही. मामी म्हणाली, "आण इकडं पेन. बँकेत त्यांची सही कधीपासून मीच करते." मी पेन लपवलंय. मामा, पत्र मिळाल्या मिळाल्या निघा.