वळणावरचं एक लिटर

३ मे
आज नांदेडला रुजू झाले. खोली छान मिळाली. पंखा जोरात फिरतो, खिडकीतून धावपट्टीचं टोक दिसतं. विमान चालवायला शिकवणाऱ्या या संस्थेत माझं काम एवढंच: उड्डाणाआधी किती पेट्रोल भरायचं ते ठरवणं. इंजिन सुरू झाल्यापासून धावपट्टीपर्यंत जाण्यात जे जळतं, ते वेगळं धरायचं. आमच्या लहान विमानाला चार लिटर. लोक हे चार लिटर विसरतात. माझा धाकटा भाऊ मन्मथ इथंच शिकत होता. फेब्रुवारीत त्याला इंजिन चालू ठेवून तासभर धावपट्टीच्या अलीकडच्या वळणावर थांबवलं. जळालेलं पुन्हा कुणी भरलं नाही. परत येताना लोह्याजवळ पेट्रोल संपलं आणि विमान शेतात पडलं. आणखी कुणाचं असं होऊ नये म्हणून ही नोकरी मी मागून घेतली.

८ मे
काम जमलं. पेट्रोल भरणारे हणमंतराव टाकीत पट्टी बुडवून पातळी वाचतात, मी लिहून घेते. शिकवणारे कॅप्टन सुदर्शन म्हणाले, ताईंचा अंदाज थेंबानंही चुकत नाही. बरं वाटलं.

१२ मे
मन्मथला जाऊन तीन महिने झाले. लातूरला आई त्याच्या नावानं रोज अर्धी भाकरी बाजूला ठेवते. इथं मी काय ठेवावं सुचेना. ऋतुजा नावाची मुलगी शिकते, तिच्या विमानाला जमिनीवरचं एक लिटर जास्त लिहिलं. त्याच्या नावानं. कुणाला सांगितलं नाही.
धावपट्टीच्या अलीकडच्या वळणावर विमान आपोआप थांबलं. ब्रेक मोकळा, तरी चाकं हलेनात. दहा मिनिटांनी सुटलं. परत आल्यावर पट्टी बुडवली. बरोबर एक लिटर जास्त जळालं होतं.

१३ मे
आज जास्तीचं लिहिलं नाही. तरी थांबलं. वीस मिनिटं, दोन लिटर. हणमंतराव म्हणाले, "इमान बी चहाला थांबून राहिलंय, ताई." सगळे हसले.

१४ मे
चार लिटर. मेकॅनिकला काही सापडलं नाही.

१५ मे
आज थांबलं नाही. सगळे खूश. परत आल्यावर हिशेबापेक्षा आठ लिटर कमी. विमानातला काटा मात्र हिशेबाइतकंच दाखवत होता. कॅप्टननी पट्टी बदलायला सांगितली.
आईचा फोन आला. तीन दिवस झाले, भाकरी तशीच उरती म्हणाली. त्याआधी रोज सकाळी संपलेली असायची. तिकडं त्याला कुणी वाढून राहिलंय का, असं विचारलं.

१६ मे
नवी पट्टी. सोळा लिटर.

१७ मे
ऋतुजा आज पहिल्यांदाच एकटी लातूरला जाणार. आज बत्तीस जातील. मग ती परत पोचणार नाही. कॅप्टनना सगळं सांगितलं. ते म्हणाले, टाकी काठोकाठ भरली आहे, ताई, तुम्ही चार दिवस घरी जाऊन या.

साडेदहा
वळणाशेजारी गवतात उभी आहे. वाढलं मी. मागायचं तर माझ्याकडे —
विमान येतंय.
थांबलं नाही. हळूही झालं नाही. उडालं.
ऋतुजानं जाताना हात हलवला. आधी मला. मग माझ्या शेजारी —
तिकडे बघायचं नाही. पेट्रोलचा वास. कुणीतरी बाही ओढतंय — मन्मथ, तिला सोडलंस, बरं केलंस. आता माझा हात तरी सोड —