ह्यांचा नेम, माझं बोट

११ जून
जवळा बाजारचं दुकान शेवटी सोडलं. झेरॉक्सचं मशीन तिथंच एकाला दिलं. कॉम्प्युटर तेवढा ह्यांच्या दोस्तानं, फेरोजभाईंनी, गाडीत घालून घरी आणला. ह्यांच्या पलंगासमोर टेबलावर लावला. ह्यांनी बघितलं अन् तोंड भिंतीकडं केलं. पत्र्यावरून पडल्यापासून मान तेवढी वळते. हाताची बोटं मिटत न्हाईत.
चहाच्या वेळी आपणहून म्हणाले, "चालू कर."

१३ जून
गेम लावायला सांगितला. लढाईचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे अन् फेरोजभाई खेळायचे तोच. लांबून, दुर्बिणीच्या बंदुकीनं मारायचं काम ह्यांचं. सगळे उस्ताद म्हणायचे. आता माउस माझ्या हातात, बघणार हे.
सगळ्या गोळ्या मातीत.
"हिसका देऊ नको. हळू दाब."
हळू दाबलं. मातीतच.

१६ जून
माउसची स्पीड कमी करायला लावली. मनगटानं न्हाई, कोपरानं फिरवायचा. बंदूक एकच, दुर्बीण एकच, बदलायची न्हाई. गोळी लांब गेली की खाली पडते, म्हणून मधल्या फुलीवर माणूस न्हाई धरायचा, खालच्या रेघेवर धरायचा. कोणती रेघ ते अंतर बघून. श्वास रोखायचं बटन हाय, पण फार वेळ रोखला की दुर्बीण उलट जास्त हलते.
एवढं सलग बोलले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

२० जून
हिंगोलीला दाखवून आलो. डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून बघितली. मग मला बाहेर बोलावलं. बोटांची आशा धरू नका म्हणे. ह्यांना सांगायचं न्हाई असं ठरवलं होतं.
गाडीत हेच म्हणाले, "बोटांचं सांगितलं ना?"
मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.
घरी टेकवून बसवलं तर, "लाव गेम."

२४ जून
सरावाचा लोखंडी पुतळा, चारशे मीटर. "दुसरी रेघ. वारा डावीकडून हाय, थोडं डावीकडं धर." टण्ण वाजला! मी ओरडलेच. हे नुसतं "व्हय."
आत्याबाई, ह्यांची माय, दारात. "माणूस पडून हाय अन् तू बंदुकीचा खेळ खेळून राहिलीस, रेणुका?"
हे म्हणाले, "ती न्हाई माय, मी खेळून राहिलो."
आत्याबाई आत गेल्या.

२९ जून
चालता माणूस. गोळी पोचेपर्यंत तो पुढं गेलेला. किती पुढं धरायचं ते हे सांगतात. "एक माणूस पुढं. अजून अर्धा. आता." मी नुसती दाबते. कधी लागतं. बहुतेक न्हाईच.

५ जुलै
फेरोजभाईंसोबत नेटवरून खरा डाव. त्यांच्या ओळखीचे अजून दोघं. आमी टेकडीवर दबा धरून होतो. हे "थांब, थांब" म्हणत असतानाच घाईनं दाबलं. चुकलं. आमची जागा कळली, सगळेच मेले. स्पीकरवर त्यातला एक, "उस्ताद की जगह किसको बिठाया रे?"
फेरोजभाई त्याला रागावले. पण ह्यांनी ऐकलं ते ऐकलंच.
"बंद कर." जेवले न्हाईत.

१४ जुलै
पडून पडून पाठीला जखम झाली. ताप. कुशीवरच ठेवायचं, तोंड भिंतीकडं. गेम बंद.
मलम लावताना म्हणाले, "तू पुसेगावला जा. माहेरी."
"काहून?"
"काहून म्हणजे? वय हाय तुझं."
"अन् तुमी?"
"माय हाय."
मी मलम लावत राहिले. किती लावलं ते समजलं न्हाई.

१९ जुलै
ताप उतरला. दुपारी मी एकटीच सरावाला बसले. वाटलं झोपलेत. भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "गोळी मातीत पडल्याचा आवाज उशिरा येऊन राहिला. लांबचा हाय हा. खालची रेघ घे." पडदा न बघता, नुसत्या आवाजावर!
घेतली. बराबर लागली.

२७ जुलै
रोज बसते. चुकलं की लगेच दुसरी मारत न्हाई. आधीची धूळ कुठं उडाली ते बघायचं, तेवढंच सरकायचं. हे कुणी शिकवलं न्हाई, माझं मलाच सापडलं. ह्यांना सांगितलं. "हं."

२ ऑगस्ट
हे आता परत टेकून बसतात. फेरोजभाईंचा डाव. पाचशेच्याही पुढं एक जण भिंतीआडून पळाला. हे "तिसरी..." म्हणेपर्यंत माझं बोट दाबून झालं होतं. पडला तो.
"वाह भाभी! उस्ताद, अब तुम आराम करो."
फेरोजभाई गमतीनं म्हणाले. मी हसत ह्यांच्याकडं वळले. वळायला नको होतं.

६ ऑगस्ट
रेघ सांगत न्हाईत. वाराबी न्हाई. नुसते बघतात. आज मी दोनदा चुकवलं, सांगतील म्हणून.
"मुद्दाम चुकून राहिलीस."
"न्हाई."
"मला शिकवती का? खरं चुकणं कसं असतं ते दिसतं मला. बोटं गेली, डोळे हायेत अजून."
आत्याबाईंनी आतून विचारलं, काय झालं? मी गेम बंद केला.

१० ऑगस्ट
फेरोजभाईंचा फोन. हिंगोलीत स्पर्धा हाय, भाभीला पाठवा. ह्यांच्या कानाला फोन मीच धरला होता. "तिलाच विचार," म्हणाले. मी फोन ठेवला.
दादा पंचमीला न्यायला येतो म्हणतोय. हे म्हणाले, "जा. परत ये म्हणून मी म्हणणार न्हाई."
हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

१२ ऑगस्ट
पिशवी भरायला घेतली न्हाई. दुपारी गेम लावला. एक माणूस उभा, लांब, पाचशेच्या आसपास. वारा उजवीकडून. रेघ कोणती ते मला माहीत होतं. त्यांनाबी माहीत होतं की मला माहीत हाय.
"सांगा ना," म्हणलं.
काही न्हाई.
श्वास रोखायचं बटन दाबून धरलं. दुर्बीण स्थिर झाली, मग हलायला लागली, मग फारच. तो माणूस तिथंच. मागं वळून बघितलं न्हाई. ह्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.
गोळी मारली न्हाई. हे सांगतील तेव्हाच दाबणार.