सशाच्या केसांचे ब्रश

रोचेस्टर, ६ मार्च १९६७

चि. कारमाईन यास अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी तू मासे खातोस की सॉसेज चापतोस, असं विचारते. कारखान्यात ठीक. कॉपी मशीनच्या ड्रमवर उरलेली शाईची काळी पूड झाडणारे सशाच्या केसांचे ब्रश आम्ही अकराजणी कातरतो. शिवणकाम सोडून इथे आले तेव्हा वाटलं होतं, हात वाया जाणार. आता त्याच हातांमुळे मला टेबलाची प्रमुख करणार म्हणतात. टेबलावरची माझी मैत्रीण रोझा चिडवते की बाईसाहेबांना आता ससेसुद्धा सलाम ठोकतील.

लोभ वाढताच ठेव.
तुझी फिलोताई

सिरॅक्यूज, १९ मार्च

ती. फिलोताईस सा. न. वि. वि.

प्रमुखबाई, अभिनंदन! मी ऑफिसं फिरत आपल्या कंपनीची मशीनं दुरुस्त करतोय. ब्रशात पूड अडकली की कागदावर रेघा उठतात आणि टायपिस्ट बायका माझ्यावर डाफरतात. परवा बर्फात गाडीचा वायपर बघून सुचलं, ब्रशाऐवजी रबराची पट्टी लावली तर? एका मशीनला लावून पाहिली. एक रेघ नाही! लगेच कंपनीच्या सूचनापेटीत लिहून टाकलं. आईला सांग, पोराचं डोकं नुसतं टोपीपुरतं नाही.

कृपा असू द्यावी.
तुझा कारमाईन

रोचेस्टर, २ जून

चि. कारमाईन यास आशीर्वाद.

काल साहेबांनी सगळ्यांसमोर तुझं नाव वाचलं. सूचनेचं बक्षीस तुला. रोझाने मला मिठी मारली. मग त्यांनी त्याच कागदावरचं पुढचं वाचलं: नव्या मशीनला ब्रश नाही, आमचं टेबल ऑगस्टमध्ये बंद. रोझाने हात काढून घेतले.

फिलोताई

सिरॅक्यूज, ५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांना फोन केला, सूचना परत द्या म्हणून. ते हसलेच. म्हणाले, पेटीत पडलेला कागद कंपनीचा, आणि पट्टी चालते हे आता सगळ्यांनी पाहिलंय. ताई, शपथेवर सांगतो, तुमचं टेबल माझ्या मनातही आलं नाही. बक्षीस नाकारू का? मी काय करू, तूच सांग.

तुझा कारमाईन

रोचेस्टर, ९ जून

चि. कारमाईन यास आशीर्वाद.

बक्षीस घे. नाकारून ब्रश परत येणार नाहीत. जुन्या शिवणकारखान्यात विचारून आले. ते म्हणाले, आता तरुण मुलीच घेतो. मी मनाला समजावते की तू नाही तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं. पण लिहिलंस तू.

रविवारी जेवायला ये. आईपुढे हा विषय काढू नकोस. पोराचं नाव सगळ्यांसमोर वाचलं, एवढंच तिला ठाऊक आहे, आणि ती गल्लीभर सांगत सुटली आहे.

लोभ आहे. थोडे दिवस दे.
फिलोताई