आई हाक मारत होती तेव्हा मी घरातच होतो

ताई,

गाडीतली म्युझिक सिस्टीम काढून टाकायला द्वारका चौकातल्या दुकानात चाललोय. दुपारपर्यंत येतो. आईचा डबा तू हॉस्पिटलला ने. भात मऊ केलाय, वरण तेवढं गरम करून घे.

सोमवारी तू माझ्यासमोर ओरडलीस, "आई बाथरूममध्ये खुबा मोडून तासभर हाका मारत होती, तेव्हा तू होतास कुठे?" मी म्हणालो, बाहेर होतो. खोटं बोललो. मी पुढच्या खोलीत अॅम्प्लिफायरच्या वायरी जोडत बसलो होतो. मला ऐकूच आलं नाही.

मागची सीट काढून चार वूफर बसवले, तेव्हापासून दोन वर्षं काचा बंद करून आत बसायचो आणि बेस सेट करायचो. काचा थरथरल्या की बरं वाटायचं. दिवाळीपासून उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्यात सारखी शिट्टी वाजते, कुणी समोर उभं राहून ओरडलं तरच कळतं. काल तपासून आलो. गेलेलं परत येणार नाही म्हणतात.

तू स्वयंपाकघरातून बोलवायचीस आणि मी ओ द्यायचो नाही, तो माज नव्हता गं. सांगायची लाज वाटायची. आजही तोंडावर सांगवलं नाही, म्हणून लिहितोय.

आईला मीच सांगेन, तू बोलू नकोस. काल तिने माझा हात धरून काहीतरी विचारलं. मी नुसतीच मान हलवली. तिने काय विचारलं होतं, तेवढं तिच्याकडून कळलं तर मला लिहून दे.

अश्विन