कादंबरीतल्या आईची बाजू

माय, तुझ्या काही ध्यानात राहत नाही म्हणून आधीच सांगते, मी तुझी मधली लेक. दोघी बहिणींच्या आणि शेळीच्या नावानं हाका मारून झाल्या की तुला जिचं नाव सापडायचं, ती. मला अजून लिहिता येत नाही. नात लिहून घेतेय, आणि बोलते तसंच लिही म्हटलं तरी माझं बोलणं धुऊन काढतेय.

आमच्या दूध सोसायटीत महिनाभर एक कादंबरी चालली. संध्याकाळी दूध घालून झालं की बाया बसतात आणि नात मोठ्यानं वाचते. प्रेमाची गोष्ट. एक धडा बहात्तरच्या दुष्काळातला, एक आजचा. तिकडं खडी फोडणारी पोरगी आणि शेजारच्या टोळीतला पोरगा आत्ता कुठं बोलायला लागले, की इकडं पुण्यात तिची नात ट्रंक उघडून बसते. जेवणाऱ्याच्या पुढनं ताट ओढावं तसं. ती पोरगी बाभळीखाली बसून त्याला चिठ्ठ्या लिहिते. मी म्हटलं, "दिवसभर खडी फोडली की आमची मूठ वळत नव्हती, हिला पेन कसं धरता आलं?" सोसायटीच्या चिटणिसाची बायको म्हणाली, "आजी, गोष्ट हाय ती. मधी बोलू नका." बरं, नाही बोलत. पण पुस्तक संपलं तरी त्यात कुणालाच भूक लागली नाही.

शेवटी त्या पोरीची आई तिला दुसऱ्या कामावर नेते आणि दोघांची ताटातूट होते. नातीनं वही काढून एकेकीचं मत लिहून घेतलं, सोसायटीच्या फळ्यावर लावणार म्हणे. चिटणिसाच्या बायकोला जुनं आवडलं, नवं उगंच वाटलं. माझ्या सुनेला नवंच आवडलं. पण आई वैरीण, यावर सगळ्या एक झाल्या. "असली माय कुणाला मिळू नये," सून म्हणाली. मग नात माझ्याकडं वळली. "आजी, तुझं?" मी म्हटलं, "म्हशीला पाणी दाखवायचंय," आणि उठून आले. वहीत माझी जागा कोरीच आहे.

तेच बहात्तर साल. नेकनूरच्या पुढं तलावाचं काम चाललंय, आपण दोघी खडी फोडतोय. दुपारी सुकडी वाटतात, गोड भुकटी. तू तुझ्यातली अर्धी माझ्या पदरात ओततेस. "मला गोड चालत न्हाई, दात दुखतेत." मी माझी खाते, आणि तुझी घेऊन दगडाच्या ढिगामागं जाते, पाटोद्याकडच्या त्या पोराला द्यायला. हसायचा छान, एवढंच त्याचं भांडवल. एक दिवस तू मागनं आलीस. मला म्हणालीस, "तुझ्यातली द्यायची की गं." दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगून आपल्याला तलावाच्या पार त्या टोकाला नेलंस, आणि वरीस फिरायच्या आत माझं लगीन लावलंस. मग तू होतीस तोवर मी रुसूनच राहिले. माहेरी आले की तू गोड करायचीस आणि मी म्हणायचे, दात दुखतात.

आता वहीत लिहायला सांगितलंय: ती आई त्या दिवसांत काय खात होती, हे लिहिणाऱ्यानं विचारलं नाही, आणि ऐकणाऱ्या शहाण्यांनीही नाही. नात म्हणते, "हे मत न्हाई आजी, भांडण हाय." असू दे. सून वाचेल.

फळ्यावर लावता येणार नाही ते इथं सांगते. तुझे दात चांगले होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नातीनं मान खाली घातलीय, आता विचारते, पत्ता काय घालू. म्हटलं, घडी करून त्या पुस्तकातच ठेव. तुला काही धाडायचंच असलं तर मूठभर सुकडी धाड. आधी तू खा, पोटभर. उरली तर धाड.