घर क्रमांक नऊ, परकोटाला लागून

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

खोटं वाचलं. पुन्हा!

मनकर्णाबाई दुपारी दारात. पदराखाली कागद. "पोस्टमनभाऊ, एवढं वाचून द्या जी." मी निवृत्त होऊन वर्ष झालं, पण त्यांच्यासाठी मी अजून पोस्टमनच. अडतीस वर्षं त्यांची पत्रं टाकली आणि मीच वाचून दाखवली.

नोटीस होती. घर चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या, शहराच्या तटाच्या भिंतीला लागून आहे, सबब अतिक्रमण. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर पाडणार. मी पहिल्या ओळीवर अडखळलो आणि मग तोंडातून भलतंच निघालं, "काही नाई बाई, माहिती घेऊन राह्यले. दिवाळीनंतर बघू म्हणतात."

त्या म्हणाल्या, "बरं." पाणी पिऊन, कागद घेऊन गेल्या.

२३ एप्रिल

झोप नाही. नोटिशीच्या मागे यादी जोडलेली होती. 'घर क्र. ९. परकोटापासून अंतर शून्य फूट. मागची भिंत परकोटाचीच.' हे वाक्य माझं आहे! परकोटावर मी लिहिलेल्या पुस्तिकेतलं, पान चौदा. जटपुरा गेटपासून प्रत्येक खिडकीपर्यंत गल्ली न् गल्ली मी टेप घेऊन मोजली. बाहेरच्यांना खिडकी म्हणजे घराची वाटते. आमच्याकडे परकोटातल्या लहान दरवाजाला खिडकी म्हणतात, हेसुद्धा मीच त्यात ऐटीत समजावून सांगितलंय. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? मनकर्णाबाईंनी. "नीट मोजा जी," म्हणत होत्या.

२५ एप्रिल

प्रफुलला फोन केला. वारसा मंडळाचा सचिव, पुस्तिका त्यानेच छापली. म्हणतो, "काका, सायबानं तुमचीच यादी उचलली. नव्यानं मोजाची मेहनत वाचली त्यायची. तुमचं नाव झालं ना!"

नाव झालं. आग लागो त्या नावाला.

२७ एप्रिल, रविवार

सरळ जाऊन खरं का सांगत नाही? चारदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परतलो. भित्रा माणूस आहे मी. पत्रं वाचतानाही तेच करायचो. 'पीक बुडालं' असेल तर 'थोडं कमी झालं' वाचायचो. लोक म्हणायचे, गुणवंतरावांच्या तोंडून वाईट बातमीसुद्धा गोड लागते. त्या कौतुकाने माझी खोड पक्की झाली. जित्याची खोड!

ठरवलं. गुपचूप कागद जमवायचे, हरकत मीच दाखल करायची. बाईंना कळायच्या आत सगळं मिटवायचं.

२८ एप्रिल

नोटीस काढलेल्या कार्यालयात गेलो. घर नंबर सांगितला नाही, नुसती चौकशी केली. खिडकीमागचा बाबू मान वर न करता म्हणाला, "१९९० च्या आधीपासून राहून राह्यले त्याचा पुरावा लागते. आन् अर्जदार सोता पायजे. सही नाई तं अंगठा. तुमचा काय संबंध?"

काय संबंध! बाहेर येऊन उसाचा रस घेतला, तोही अर्धा टाकून निघालो.

३० एप्रिल

पुरावा कुठून आणू? त्यांचं वीज मीटर ९६ चं. घराचा कर त्यानंतरचा. माझी पुस्तिका म्हणते घर जुनं आहे, पण पोस्टमनच्या म्हणण्याला कोण विचारतो? मोजणी तेवढी माझी चालते!

मग आठवलं — त्यांची तार. चुलीजवळ खिळ्याला टांगलेली, आकड्याची. प्रत्येक पत्र वाचून झालं की त्या तारेला टोचायच्या. पत्रावर पत्ता असतो आणि टपाल खात्याचा शिक्का असतो, तारखेसकट.

२ मे

तार आणली. म्हटलं, पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतोय. पुन्हा थाप!  मनकर्णाबाईंनी तार माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सांबाळून जी. बिरजूचं बी हाये त्याच्यात."



३ मे

सगळी पत्रं उलगडली. काही उंदरांनी खाल्लेली, काहींवर नुसतंच 'चंद्रपूर'. पूर्ण पत्ता आणि स्वच्छ शिक्का फक्त एका आंतर्देशीयावर. 'मनकर्णा मडावी, परकोटाला लागून, खिडकीजवळ, चांदा.' चांदा म्हणजे चंद्रपूरच. जून १९८८.

तेच पत्र! त्यांचा भाऊ बिरजू हेमलकशाकडे राहायचा. तिथल्या गुरुजींनी लिहिलंय, बिरजू सोमवारी वारला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, दोन वर्षांचा पोस्टमन. बाई कडेवर पोर घेऊन उभ्या. मी वाचलं, "बिरजू आजारी आहे. तुमची आठवण काढतो."

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. आठ दिवसांनी आल्या, डोळे सुजलेले.  मला पाण्याचा तांब्या पुढे केला. भावाला भेटायच्या आशेने ती बाई एवढं जंगल तुडवत गेली असेल आणि तिथे माती झालेली. सदतीस वर्षं हे माझ्या छातीवर आहे.

हे पत्र कार्यालयात दिलं की बाबू त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार, आणि मी तेव्हा खोटं वाचलं हे बाईंना कळणार. नाही दिलं तर घर जाणार.

५ मे

पत्र तारेतून काढून खिशात ठेवलंय. उद्या सांगतो. उद्या नक्की.

६ मे

घराला कुलूप! शेजारीण म्हणाली, "नातीकडं गेली मोहर्लीले." दिव्यानी तिथे जंगल सफारीची गाईड आहे. तिचा फोन लागत नाही. उद्या शेवटचा दिवस.

७ मे, मोहर्ली

गाडी दामटत आलो. ऊन असं की हँडल धरवत नव्हतं. दिव्यानीच्या खोलीला कुलूप. गेटवर म्हणाले, "ते पर्यटक घेऊन आत गेली. साडेसहाले निंगन." आणि आजी? "लग्नाले गेली बाप्पा, पलीकडच्या गावाले. कोन्त्या गावाले, का मालूम."

झाडाखाली बसून लिहितोय. पाच वाजून चाळीस. कार्यालय सहाला बंद होतं. खिशातलं पत्र घामाने ओलं झालंय.

सहा वाजले. संपलं. मोजून मी दिलं, वाचून मी फसवलं, आणि घर बाईंचं जाणार. देवा, त्यांच्याऐवजी माझं पाड!

८ मे

मनकर्णाबाई सकाळच्या बसने आल्या. त्यांच्या दारातच सगळं ओकलो — यादी, नोटीस, बिरजू. रडलोसुद्धा. त्यांनी तांब्या पुढे केला.

"अर्ज तं तिसऱ्याच दिशी देल्ला जी. दिव्यानीनं लिवला, मी अंगठा मारला. तुमी वाचता तवा मी कागद कुठी आयकतो? तुमचं तोंड पायतो. बिरजूच्या बारीले बी घरून निंगतानीच मयतीचं कोरं कापड घेतलं होतं मी."

मग म्हणाल्या, "सोळा तारखेले कार्यालयात बलावलं हाये. थे पत्र घेऊन या. आन् या बारीले जसं हाये तसं वाचा."